पाचव्या मजल्याची किल्ली

सांगलीत घर घेणारा माणूस आधी किंमत विचारत नाही. दार कुठल्या दिशेला, शाळा किती लांब, हेही नंतर. बिल्डरच्या ऑफिसात खुर्चीला पाठ टेकायच्या आधी तो विचारतो, "एकोणीसला इथं पाणी कुठवर होतं?" ज्या बिल्डरला याचं उत्तर हसत हसत देता येतं, त्याचे फ्लॅट जातात. जो "म्हणजे, तसं बघायला गेलं तर..." अशी सुरुवात करतो, त्याच्याकडून लोक चहा न पिता उठतात. मीही असा बऱ्याच ऑफिसांतून चहा न पिता उठलो. विश्रामबागच्या पुढे एका ऑफिसात मात्र मी चहा प्यालो, आणि तिथून माझे हाल सुरू झाले.

मी नेमिनाथ मगदूम. एका विमा कंपनीत दाव्यांच्या टेबलावर बसतो. लिफ्ट मध्येच अडकणे, गिझर फुटणे, शेजाऱ्याची टाकी आपल्या स्कूटरवर येऊन पडणे, या गोष्टी इतरांच्या आयुष्यात क्वचित घडतात. माझ्या आयुष्यात त्या रोज ऑफिसच्या वेळात घडतात. त्यामुळे मला जगात काय काय होऊ शकतं याची माहिती आहे. लग्न झालं तेव्हा माझी बायको त्रिशला याला "जबाबदार स्वभाव" म्हणायची. आता ती सरळ "भित्रेपणा" म्हणते. मी वाद घालत नाही, कारण वादातून काय होतं तेही माझ्या टेबलावर येतं.

पण पाण्याची भीती मी टेबलावरून आणलेली नाही. ती घरचीच आहे. दोन हजार एकोणीस साली आम्ही नदीजवळच्या गावभागात तळमजल्याला भाड्याने राहत होतो. पूर म्हणजे मोठा आवाज वगैरे होत असेल असं मला वाटायचं. तसं काही झालं नाही. दाराच्या फटीतून एक ओली रेघ आत आली, फरशीवरून निवांत सरकत देवघरापाशी गेली. मी ती पोत्याने पुसली. हो, मी महापूर पोत्याने पुसला. उजाडायच्या आत आम्ही घरमालकांच्या वरच्या मजल्यावर होतो आणि दुसऱ्या दिवशी त्यांच्या खिडकीतून नावेत उतरत होतो. मी आईचा हात धरला होता. खाली आमची गल्ली होती आणि ती दिसत नव्हती. त्या वेळी जी भीती बसली, ती पाणी ओसरलं तरी ओसरली नाही.

तेव्हापासून आईने, म्हणजे चंदनबाला मगदूम यांनी, एक पत्र्याची पेटी भरून कॉटखाली ठेवली. त्यात तिची दोन लुगडी, जपाची माळ, बॅटरी, माझा लोकरी स्वेटर आणि बिनलसणीच्या भडंगाचा डबा. भडंग मऊ पडायच्या आत ती नवं करून भरायची. जून लागला की पेटी कॉटखालून उशाशी यायची. मला ते बघवत नसे. या वयात आईने बोचकं बांधून झोपायचं, आणि तेही मी कमावता असताना! म्हणून मी ठरवलं की आईसाठी उंचावर घर घ्यायचं. आईला निर्धास्त झोप लागली पाहिजे, बाकी काही नको. हे मी सगळ्यांना सांगितलं, आणि तिथंच चुकलं. आमच्या गल्लीत 'सगळे' हा शब्द फार जपून वापरावा लागतो.

गल्लीत समोर राहतात निवृत्त सुभेदार कृष्णात मोहिते. मूळचे साताऱ्याकडचे, सासुरवाडीमुळे सांगलीत स्थायिक झालेले. छाती अजून पलटणीतली, आवाजही. त्यांना मी बातमी सांगितली तेव्हा ते दाढी करत होते. अर्ध्या फेसानिशी ते माझ्या दारात आले.

"कितवा मजला बगताय?"

"तिसरा म्हणतोय."

"तिसरा? आवं मगदूम, पाणी काय तुमास्नी इचारून येणार हाय व्हय? पाचवा घ्या, पाचवा! आन् हॉल मोठा बगा. खोल्या बारक्या असल्या तरी चालत्यात, पर हॉलला कंजुशी न्हाई करायची."

मला भरून आलं. एवढी आस्था सख्ख्या भावाने दाखवली नव्हती. संध्याकाळी त्यांच्या मंडळी राहीबाई आईला भेटायला आल्या आणि जाता जाता त्रिशलाला म्हणाल्या, "न्हाणीघरं दोन तरी पायजेत बाई. सकाळच्या पारी लय खोळंबा होतो." आम्ही घरात तीन माणसं. खोळंबा कुणाचा होणार, हे तिने विचारलं नाही आणि मीही नाही.

मग आला जोतीराम. हा आमचा दूधवाला. गल्लीच्या टोकाला त्याचा म्हशींचा गोठा आहे. दूध घालता घालता म्हणाला, "साहेब, पार्किंग कसं हाय? वर स्लॅब हाय का उघडंच?"

"स्लॅब आहे."

"आन् उंची? मान घासणार न्हाई न्हवं?"

माझ्याकडे एक स्कूटर आहे. पण दूधवाल्याला आपण पुढेमागे मोठी गाडी घेऊ असं वाटतं, हे ऐकून मी त्या दिवशी ऑफिसात जरा ताठ बसलो.

अशा रीतीने पाचवा मजला, मोठा हॉल, दोन न्हाणीघरं आणि उंच पार्किंग असा फ्लॅट ठरला. 'शिखरछाया' नावाची इमारत. बिल्डर पृथ्वीराजदादा, वय माझ्यापेक्षा कमी, घड्याळ माझ्यापेक्षा जड. मी पाण्याचं विचारताच ते उठले, खिडकी उघडली आणि बाहेर बोट दाखवून म्हणाले, "सर, इथवर पाणी यायचं म्हणजे आधी अख्खी सांगली पाण्याखाली जायला पाहिजे." मला या वाक्याने दिलासा मिळाला. आता विचार करतो तेव्हा अंगावर काटा येतो.

दस्त नोंदवायला गेलो तेव्हा माझा अंगठा उमटेना. यंत्रावर चार-पाच वेळा टेकवला. "घाम पुसा," तिथला माणूस म्हणाला. मी पुसला, पुन्हा आला. मागच्या रांगेतून कुणीतरी म्हणालं की ज्याचा अंगठा उमटत नाही त्याचं घर होत नाही. शेवटी त्रिशलाने माझा हात स्वतःच्या पदरात गुंडाळून कोरडा केला आणि यंत्रावर दाबून धरला. फोटोत माझा चेहरा पकडून आणल्यासारखा आला आहे.

यापुढे ताबा. हा शब्द उच्चारायला सोपा आहे. इमारत उभी होती, रंग झाला होता, माझ्या दाराला कडी-कोयंडाही बसला होता. पण पूर्णत्वाचा दाखला आला नव्हता. दाखला का नाही, तर लिफ्टची तपासणी नाही. तपासणी का नाही, तर लिफ्टला कायमची वीज नाही. वीज का नाही, तर तिला दाखला लागतो. मी हे वर्तुळ कागदावर काढून बिल्डरच्या ऑफिसात नेलं. तिथे टेबलावर सोनम नावाची मुलगी बसते. तिने ते कौतुकाने पाहिलं आणि म्हणाली, "छान काढलंय सर. दादा साइटवर आहेत." साइटवर गेलो तर वॉचमन बिराप्पा म्हणाला, "दादा हापिसात." दोन्हीच्या मध्ये रस्त्यावर दादांची गाडी एकदा भेटली. त्यांनी काच खाली करून वाक्य टाकलं, "सर, या आठवड्यात होऊन जाईल!" आणि काच वर गेली.

हे वाक्य मी उन्हाळाभर ऐकलं. एकदा वर जाऊन फ्लॅट पाहिला, तर बाहेरच्या न्हाणीघराचा उतार उलटा. पाणी ओतलं की मोरीकडे न जाता ते हॉलकडे बघायचं. मी ते सांगितलं. "वापरात आलं की बसतं, सर," दादा म्हणाले. उतार कसा बसतो हे मला कळलं नाही, पण विचारायचा धीर झाला नाही. मी घरी आरशासमोर एक भाषण तयार केलं. 'पृथ्वीराजदादा, मी एक सामान्य माणूस आहे,' अशी त्याची सुरुवात होती. प्रत्यक्षात ते समोर आले की त्या वाक्यातला 'मी' तेवढा तोंडातून बाहेर पडायचा.

शेवटी सुभेदार म्हणाले, "चला, मी येतो. बगतोच त्येच्याकडं." आम्ही गेलो. सुभेदारांनी टेबलावर हात आपटला. सोनमचं पेन पडलं. आतून दादा आले. दोन मिनिटांत निघालं की दादांचे चुलते आणि सुभेदार एकाच पलटणीतले. मग चहा, मग बर्फातल्या चौकीची गोष्ट, मग चुलत्यांना फोन. मी कोपऱ्यात बसून होतो. निघताना दादा सुभेदारांच्या पाया पडले आणि मला म्हणाले, "सर, या आठवड्यात."

"लय चांगला पोरगा हाय," सुभेदार रस्त्यात म्हणाले. "तुमी उगंच भ्यालाय त्येला."

आणि पावसाळा आला.

बाहेरच्यांना सांगायला हवं. आमच्याकडे श्रावणात माणसं एकमेकांना 'बरं आहे का' असं विचारत नाहीत. "आयर्विनला किती?" असं विचारतात. आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी मोजतात. चाळीस फुटाला इशारा, पंचेचाळीसला धोका. तिकडे कोयनेतून पाणी सोडलं की इकडे आमच्या मोबाइलवर आकडे चढायला लागतात. यंदा ते चढायला लागले तेव्हा मी जेवण कमी केलं. पस्तिशी ओलांडली तेव्हा ऑफिसात एका दाव्यावर सही करताना स्वतःचंच नाव विसरलो. घरी आलो की आधी दाराची फट बघायची. आईची पेटी उशाशी आली होती. पलीकडे विश्रामबागला पाचव्या मजल्यावर माझं स्वतःचं घर कोरडं ठणठणीत उभं, आणि मी तळमजल्यावर पोतं हातात घेऊन बसलेला!

इशारा पातळी आली त्या सकाळी मी बाहेर पाहिलं, तर सुभेदारांच्या दारात टेम्पो. गाद्या चढत होत्या, शेगडी चढत होती, राहीबाई कांद्याचं पोतं चढवत होत्या. गल्लीच्या टोकाकडून जोतीराम आपल्या म्हशी घेऊन येत होता.

"सुभेदार, कुठं निघालात?" मी विचारलं.

"कुठं म्हंजी? आपल्या घराकडं."

"साताऱ्याला?"

"आवं साताऱ्याला कशाला? शिकरछायाला!"

मी पायरीवर बसलो. मोठा हॉल, दोन न्हाणीघरं, मान न घासणारं पार्किंग, सगळं एकदम माझ्या डोळ्यांसमोर उभं राहिलं. माझं घर मी पसंत केलंच नव्हतं. ते या गल्लीने स्वतःसाठी पसंत केलं होतं, आणि सही तेवढी मला करायला लावली होती.

"पण ताबा मिळाला नाही!" मी ओरडलो. "विनाताबा शिरणं म्हणजे गुन्हा आहे. दादा व्यवहार मोडतील. पोलीस येतील. कर्ज माझ्या नावावर आहे!"

"पाण्याला तुमचा दाखला दावणार हाय का?" सुभेदारांनी विचारलं. "हॉल आमचा. आतली खोली आक्काची, तुमच्या आईची. जोतीराम खाली म्हसरांजवळ. तुमचं दोघांचं बगू."

मी आईला हाक मारायला वळलो. आई टेम्पोत ड्रायव्हरशेजारी बसली होती, मांडीवर पेटी घेऊन. "चल की रं," ती म्हणाली, "उगं उशीर का करतोस?"

बिराप्पाने फाटक अडवलं. किल्ल्या त्याच्याकडे होत्या, पण दादांनी सांगितल्याशिवाय तो देणार नव्हता. मला त्याचा फार आधार वाटला. या सगळ्यांत कायदा पाळणारा तो एकटा होता. सुभेदार म्हणाले, "लाव फोन तुज्या साहेबाला." लागेना. पुन्हा लावला, लागेना. पाऊस वाढला. जोतीरामच्या एका म्हशीने कंटाळून फाटकाला डोकं लावलं आणि ते उघडलं. बिराप्पाने तिच्याकडे पाहिलं, सुभेदारांकडे पाहिलं आणि कनवटीची किल्ली काढली. "मी दिली न्हाई, तुमी घेतली," तो म्हणाला. मी मनात पहिला गुन्हा मांडला.

लिफ्ट नव्हतीच. आईला खुर्चीत बसवून सुभेदार आणि जोतीरामने वर नेलं. मी मागून पेटी घेऊन निघालो. प्रत्येक मजल्यावर मला वाटायचं की आता खालून शिट्टी वाजणार. दार पावसाने फुगलं होतं, उघडेना. सुभेदारांनी खांदा दिला. माझ्या नव्या घरात माझा पहिला प्रवेश झाला तो असा: कलश नाही, तोरण नाही, चौकटीचा एक टवका उडालेला, आणि सगळ्यांत आधी आत गेलं ते कांद्याचं पोतं. आम्ही जैन. आईने पोत्याकडे एकदाच पाहिलं. राहीबाईंनी मुकाट्याने ते उचलून समोरच्या रिकाम्या फ्लॅटच्या बाल्कनीत नेऊन ठेवलं. म्हणजे दुसऱ्याच्याही घरात आमचा शिरकाव झाला. मी मनात आणखी एक गुन्हा वाढवला.

संध्याकाळी, जेवणं उरकल्यावर (आई सूर्यास्तानंतर जेवत नाही, त्यामुळे त्या घरात सगळेच उजेडात जेवले; सुभेदार म्हणाले, "पलटणीत बी एवढी शिस्त न्हवती"), दारावर थाप पडली. माझ्या हातातला तांब्या खाली पडला. पोलीस आले असणार. मी दार उघडलं.

दारात पृथ्वीराजदादा होते. नखशिखान्त भिजलेले. पाठीवर त्यांची म्हातारी आई, मागे बायको आणि बॅगा.

दादांचा बंगला नदीच्या अंगाला आहे. मोठा आहे, ऐटदार आहे. मी आयुष्यात कुणाला विचारलेला सगळ्यांत महत्त्वाचा प्रश्न त्यांनी स्वतःचं घर बांधताना कुणाला विचारला नव्हता. फाटकापर्यंत पाणी आलं होतं. हॉटेल होतं, पाहुणे होते, पण म्हातारी हटून बसली. म्हणाली, तू गावाला एवढी घरं बांधून दिलीस, त्यातल्याच एका घरात नेलंस तर येते, नाहीतर इथंच बसते. आणि 'शिखरछाया'त दारं आणि नळ बसलेला फ्लॅट एकच होता.

"मगदूम सर," दादा धापा टाकत म्हणाले, "आत... आत यायला मिळेल का?"

माझं भाषण! ते मला अक्षरन् अक्षर आठवलं.  पण ते बाजूला ठेवून मी चौकटीत उभा राहिलो आणि म्हणालो, "या आठवड्यात होऊन जाईल."

 मग मागून आईचा आवाज आला, "नेमा! म्हातारं माणूस भिजतंय. चेष्टा कसली करतोस?" माझी आयुष्यातली एकमेव मर्दुमकी एवढीच टिकली. मी बाजूला झालो. दादांनी चपला बाहेर काढल्या. आईने आपली पेटी उघडली आणि आतलं कोरडं लुगडं त्यांच्या आईला नेसायला दिलं.

दुसऱ्या दिवशी पातळी आणखी चढली. धोक्याचा आकडा जवळ आला. मी खिडकीशी उभं राहून नदीच्या दिशेला बघत होतो. तिथून नदी दिसत नाही, तरी बघत होतो. दुपारी जेवणं झाली, हॉलभर अंथरुणं पडली. एका कडेला सुभेदार, एका कडेला दादा, मध्ये मी. जागाच नव्हती. कधी डोळा लागला कळलं नाही.

पायाला गार लागलं. मी डोळे उघडले. फरशीवरून एक ओली रेघ सरकत येत होती. तश्शीच. आवाज न करता, निवांत. माझ्या टाचेला वळसा घालून ती दादांच्या गादीकडे निघाली होती.

"पाणी आलं!" मी किंचाळलो. "पाणी आलंऽऽ!"

आम्ही पाचव्या मजल्यावर आहोत हे त्या क्षणी मला सुचलं नाही. नवल म्हणजे, ते कुणालाच सुचलं नाही. जे एकोणीसला पाण्यात होते ते 'पाणी' हा शब्द ऐकल्यावर मजला मोजत बसत नाहीत. सुभेदार उभे राहायच्या आधीच ओरडले, "गच्चीवर! बायामाणसं आदी!" दादांनी आईला पाठीवर घेतलं आणि जिना गाठला. त्रिशलाने गॅस बंद केला. माझ्या आईला मी उचललं, खरंच उचललं, आणि भर पावसात सगळे गच्चीवर जाऊन उभे राहिलो. खालून म्हशी ओरडत होत्या. बिराप्पा जिन्यातून विचारत होता, "काय जालं? आग लागली का?"

सगळ्यांत शेवटी राहीबाई आल्या, हातात धुण्याचा पिळा घेऊन. "मला एकटीला टाकून कुठं पळालासा सगळी?" त्या म्हणाल्या. "न्हाणीत धुनं धूत हुते मी. ते पाणी मोरीत जायचं सोडून हॉलात चाललंय बगा. कुणी बांधलंय हे घर?"

 सगळे दादांकडे बघत होते. दादांची आई त्यांच्या पाठीवरूनच म्हणाली, "पृथ्वी, तू बांधलंस?"

दुसऱ्या दिवशी सकाळी गवंडी आला. न्हाणीघर उखडलं, उतार सरळ झाला. सुतार आला, दार तासलं. लिफ्टसाठी दादांनी कुणाकुणाला फोन केले ते माहीत नाही, पण रोज पाच मजले आईला पाठीवर घेऊन चढणाऱ्या माणसाचा आवाज वेगळाच असतो. आमचं ते वर्तुळ, जे मी उन्हाळाभर कागदावर काढत होतो, कुठंतरी तुटलं.

पाणी आमच्या गल्लीत आलं, पायरीला लागलं आणि परत फिरलं. दाराच्या आत गेलं नाही. आकडा उतरायला लागला तसा टेम्पो पुन्हा भरला. जाताना सुभेदारांनी हॉल झाडून काढला. जोतीरामने पार्किंग धुतलं, तरी तिथे अजून गोठ्याचा वास येतो आणि वरच्या मजल्यांचे नवे मालक नाक मुरडत बिराप्पाला कारण विचारतात.

पुढे दाखला आला. दादांनी रीतसर नारळ, हार आणि किल्ल्यांचा जुडगा देऊन ताबा दिला, सोनमने फोटो काढला. फोटोत मी या वेळी हसतोय. आम्ही राहायला आलो. हॉल मोठा, कोरडा, शांत. आणि मला झोप येईना. पहिली रात्र, दुसरी रात्र, आठवडा. पाऊस गेला होता, नदी पात्रात होती, तरी कान दाराच्या फटीशी.

एका सकाळी आईची पेटी माळ्यावर टाकायला उचलली तर हलकी लागली. उघडली. रिकामी.

"आई, सामान?"

"कपाटात लावलं. भडंग तू खाल्लंस की."

"मग आता भीती नाही ना वाटत? तुझ्यासाठी तर घेतलं हे घर."

आई शेंगा निवडत होती. तिने मान वर केली नाही. "मला कवा भीती वाटत हुती रं? नावंत माजा हात कुणी धरला हुता? असा धरलास की चार दिवस बोटं सुजली हुती. तुला झोप लागायची न्हाई. पेटी भरलेली दिसली की जरा लागायची, म्हणून भरत हुते. स्वेटर तुजा, भडंग तुजं. मला दात तरी हायत का भडंग खायाला?"

मी पेटीच्या कडेवर बसून राहिलो. इतकी वर्षं मी जिची भीती घालवायला निघालो होतो, ती माझ्या भीतीला दर आठवड्याला ताजं भडंग करून घालत होती. मला रडू आलं. ते मी लपवलं नाही, कारण त्रिशला समोरच होती आणि तिच्यापासून काही लपत नाही.

"आन् त्या दुपारी," आई म्हणाली, "त्या समद्यांच्या मदी घोरत हुतास. सुभेदार म्हनलं, आक्का, ह्येला जरा कुशीवर वळवा."

त्याच संध्याकाळी मी किल्लीवाल्याकडून एक जादा किल्ली करून घेतली आणि जुन्या गल्लीत गेलो. सुभेदार दारात बसले होते. मी ती त्यांच्यापुढे धरली. काय बोलायचं ते ठरवून गेलो होतो, पण नेहमीप्रमाणे पहिला शब्द तेवढा आला. "सुभेदार..."

त्यांनी किल्लीकडे पाहिलं. मग खिशात हात घालून आपला जुडगा काढला आणि त्यातली एक चकचकीत किल्ली माझ्यासमोर नाचवली.

"आवं मगदूम, बिराप्पाकडनं ही कवाच करून घेतलीया. जोतीरामकडं बी एक हाय. तुमी काय भिताय?"

मी घरी आलो. दाराची फट बघितली नाही. त्या रात्री इतका गाढ झोपलो की सकाळी जोतीराम त्याच्या किल्लीने दार उघडून दूध ओट्यावर ठेवून गेला, तेही मला कळलं नाही.